कंपनीचे, ओईएम की लोकल? मोटारीच्या ब्रेकच्या सुट्या भागांचा बाजार

पुण्यात नाना पेठेतल्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात जा आणि छोट्या मोटारीचे पुढचे ब्रेक पॅड मागा. मॉडेल कुठलं, पेट्रोल की डिझेल, कुठल्या सालची, एवढं विचारून झालं की काउंटरमागून ठरलेला प्रश्न येतो: "कंपनीचे देऊ, ओईएम देऊ, की लोकल चालतील?" पाठोपाठ तीन भाव, प्रत्येक पायरीला काहीशे रुपयांनी उतरणारे. गिऱ्हाईक क्षणभर घुटमळतं आणि बहुतेक वेळा मधलं उचलतं. फार महागही नको आणि अगदीच स्वस्तही नको, या हिशोबाने. आहेराची साडी अशी घेतली तर काही बिघडत नाही.

मुंबईत ऑपेरा हाउस-ग्रँट रोडच्या पट्ट्यात, दिल्लीला कश्मीरी गेटच्या घाऊक बाजारात हाच प्रश्न थोड्याफार फरकाने विचारला जातो. त्यामागची समजूत अशी, की कंपनीचा माल उत्तम, ओईएम बरा आणि लोकल धोक्याचा. ही उतरंड अर्धीच खरी आहे. माझ्या मते ब्रेकच्या खरेदीत पाहायचं ते एवढंच, की या मालाचा माग काढता येतो का. कुणी बनवला, कधी बनवला, कुणी विकला, कुणी बसवला, हे उद्या विचारायची वेळ आली तर उत्तर मिळेल का. या कसोटीला लोकल खोकं कधीकधी उतरतं आणि कंपनीचं चकचकीत खोकं कधीकधी साफ नापास होतं.

ही खोकी भरतं कोण, ते आधी पाहू. मोटार बनवणारी कंपनी सहसा ब्रेक पॅड स्वतः बनवत नाही. ती गरज सांगते, चाचण्या ठरवते आणि माल दुसऱ्याकडून घेते. भारतात हा धंदा मुख्यतः चेन्नईभोवती वाढला. ब्रेक्स इंडिया १९६२पासून तिथे आहे आणि तिचा माल दुकानदार 'टीव्हीएस गर्लिंग' म्हणूनच ओळखतात. राणे आणि सुंदरम ब्रेक लायनिंग्ज ही दोन जुनी नावंही चेन्नईचीच. पण महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो होती. तिचीच पुढे हिंदुस्थान कम्पोझिट्स झाली आणि उत्पादन पैठण-भंडाऱ्याकडे गेलं. जळगावला कल्याणी ब्रेक्सचा कारखाना निघाला. तो बॉशकडे गेला, बॉशकडून चॅसी ब्रेक्स इंटरनॅशनलकडे आणि तिथून हिताचीकडे. दारावरच्या पाट्या बदलत गेल्या, आत ब्रेक बनत राहिले. चाकणला ब्रेम्बो दुचाकींचे ब्रेक बनवते. डिस्क आणि ड्रम हे बिडाचं ओतीव काम, आणि मोटारींच्या ओतीव भागांसाठी कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं नाव देशभर आहे.

तेव्हा 'कंपनीचे' पॅड म्हणजे अशाच एखाद्या पुरवठादाराने बनवलेले, मोटार कंपनीने तपासून स्वतःच्या खोक्यात घातलेले पॅड. त्यात तुम्ही मालाचे पैसे देता, तपासणीचे देता, आणि नावाचेही देता. 'ओईएम' म्हणजे बाजाराच्या भाषेत त्याच पुरवठादाराने स्वतःच्या खोक्यातून विकलेला माल. इथे एक बारीक गोम आहे. कारखाना एकच असला तरी मिश्रण एकच असेल असं नाही. मोटार कंपनीला ठराविक मॉडेलसाठी दिलेला पदार्थ वेगळा आणि खुल्या बाजारात चार मॉडेलना चालेल असा वेगळा, असं होऊ शकतं. तो वाईट असतो असं नाही. पण "तोच माल, फक्त खोकं वेगळं" हे दुकानदाराचं वाक्य दरवेळी शब्दशः खरं नसतं. आणि 'लोकल' या एका शब्दात तर दोन टोकं कोंबलेली आहेत. एका टोकाला लहान पण प्रामाणिक उत्पादक, खोक्यावर नाव-पत्ता छापणारे. दुसऱ्या टोकाला पांढऱ्या पिशवीत चार पॅड, वर काहीच नाही.

खोटा माल मात्र 'लोकल' म्हणून विकला जात नाही. तो विकला जातो 'कंपनीचा' म्हणून. साधी गोष्ट आहे: खोटं खोकं छापायचा खर्च करायचा तर ज्या खोक्याला जास्त भाव आहे तेच छापलं जाणार. त्यामुळे "आपण तर कंपनीचेच घेतले" म्हणून निर्धास्त राहणाऱ्या गिऱ्हाइकालाच खोक्याकडे नीट पाहायची गरज जास्त. नामांकित मोटार कंपन्यांच्या नावाचे बनावट पार्ट सापडल्याच्या पोलिस कारवाया पेपरात अधूनमधून येतात आणि त्यात ब्रेक पॅड, क्लच प्लेट, ऑइल फिल्टर ही नेहमीची नावं. भराभर बदलावे लागणारे भाग आहेत, खप आहे, म्हणून.

कायदा या बाबतीत कमी नाही. ट्रेडमार्क कायदा १९९९प्रमाणे खोटा मार्का लावणाऱ्याला आणि असा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. पण त्याच कायद्यात पोलिसांनी झडती-जप्तीआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं अशी अट आहे, आणि छाप्याला उतावीळ झालेल्या यंत्रणेला ती अडचणीची वाटते. मग खोक्यावरच्या चित्र-मजकुराच्या नकलेवर बोट ठेवून कॉपीराइट कायद्याचा रस्ता धरला जातो. म्हणजे ब्रेक लागेल की नाही हा प्रश्न बाजूला राहतो आणि गुन्हा नोंदवला जातो वेष्टनाच्या नकलेचा. ग्राहकाच्या दृष्टीने जास्त कामाची तरतूद २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. सदोष मालाने इजा झाली तर बनवणाऱ्यावर जबाबदारी येते. आणि बनवणाऱ्याचा पत्ताच लागत नसेल, तर विकणाऱ्याला जबाबदार धरता येतं. पांढरी पिशवी विकणाऱ्या दुकानदारावर ही तलवार आहेच. अट एवढीच की तुमच्याकडे त्याचं बिल हवं. आणि "बिल हवं असेल तर टॅक्स लागेल" हे ऐकल्यावर आपल्यातले बरेचजण काय करतात ते सांगायला नको. २२ सप्टेंबर २०२५पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. दीड हजाराच्या पॅडवर हा २७० रुपयांचा मामला. पुरावा म्हणून हे स्वस्तच म्हणायचं.

आता पॅड हातात घ्या. एका पोलादी पत्र्यावर घट्ट बसवलेला घर्षण-पदार्थाचा ठोकळा, नवा असताना साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड. आधी पत्र्याची कड अंगठ्याने चाचपायची. चांगल्या पॅडचा पत्रा स्वच्छ कापलेला असतो, रंग सगळीकडे सारखा बसलेला असतो, कॅलिपरच्या खाचेत शिरणारे दोन्ही कान मापाला बरोबर असतात. स्वस्तातल्या पत्र्याला कडेला धार लागते, कान कानशीने घासल्याशिवाय खाचेत जात नाहीत, आणि मेकॅनिक निर्विकारपणे ते घासतोही. मग पत्रा आणि ठोकळा जिथे मिळतात ती रेघ पाहायची. तिथे केसाएवढी जरी फट दिसली तरी पॅड परत करायचा, कारण कोकणातल्या खाऱ्या हवेत त्याच फटीतून गंज आत शिरतो आणि ठोकळा पत्र्यापासून उचलायला लागतो. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना उतार दिलेला असतो, मधे खाच असते, पाठीला आवाज मारणारी पातळ शिम असते, आणि बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड झिजला की ही जीभ डिस्कला घासून चीं-चीं ओरडते. नकली मालात नेमके हे छोटे भाग गळतात, कारण प्रत्येकाला पैसे पडतात. मूळ पॅड शेजारी ठेवून पाहिलं तर कळतं. म्हणून जुने पॅड काढल्यावर फेकायच्या आत हातात घ्यावेत.

ठोकळ्याच्या कडेवर किंवा पत्र्याच्या पाठीवर आकड्या-अक्षरांची एक ओळ छापलेली असते. तिच्या शेवटी बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं असतात: ईई, एफएफ, जीजी, किंवा ईएफ अशी मिश्र. ही एसएई या अमेरिकी संस्थेने ठरवलेली खूण आहे. पहिलं अक्षर साधारण तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं पॅड तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर एफ आणि दुसरं ई असेल तर तापल्यावर पकड कमी होते असा अर्थ. घाटात राहणाऱ्यांनी दुसरं अक्षर जास्त पाहावं. तरी ही अक्षरं म्हणजे गुणपत्रिका नव्हे. पॅड किती टिकेल, डिस्क किती खाईल, आवाज करेल का, यातलं काहीही त्यातून कळत नाही, आणि खोटं खोकं छापणारा दोन अक्षरंही छापू शकतो.

युरोपात या बाबतीत ग्राहकाला बराच आधार आहे. तिथे बदली पॅडना संयुक्त राष्ट्रांच्या ९० क्रमांकाच्या नियमाप्रमाणे मान्यता लागते. बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के वर-खाली या पट्ट्यात असावी, असं त्याचं एक मुख्य कलम. वर-खाली म्हणजे दोन्ही बाजूंनी. मूळपेक्षा फारच जोरात पकडणारा पॅडही चालत नाही, कारण पुढची-मागची चाकं मिळून ब्रेकचा जो तोल बसवलेला असतो तो ढळतो. मान्यता मिळालेल्या पॅडवर गोलात ई आणि देशाचा आकडा, शेजारी '९०आर' अशी खूण असते. आपल्याकडे काही कंपन्यांच्या, विशेषतः निर्यात करणाऱ्यांच्या, पॅडवर ती आढळते. आढळली तर चांगलं. भारतीय मानकं नाहीत असं नव्हे. ब्रेक लायनिंगसाठी आयएस २७४२ आहे, ब्रेक फ्लुइडसाठी आयएस ८६५४ आहे, आणि वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय १९६६पासून पुण्यातच, वेताळ टेकडीवर बसली आहे. पण हेल्मेट घेताना जसं कुणीही आयएसआयचा शिक्का शोधतं, तशी ब्रेक पॅडवर शोधायची खूण आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांत बसलेली नाही. माझ्या मते या सगळ्या बाजारातली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे, नकली मालापेक्षाही मोठी. खूण नाही म्हणून मग माणूस दुकानदाराच्या तोंडाकडे पाहतो.

खरं तर मोठ्या कंपन्यांनीही बराच काळ ही पंचाईत वाढवलीच. मूळ सुटे भाग खुल्या बाजारात न देणं, ते फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे ठेवणं, बाहेर काम केलंत तर वॉरंटी गेली म्हणून दटावणं, अशा पद्धतींवर एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ला १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिलं झाली. पण बाहेरच्या गॅरेजात काम केलं एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नये, हे आयोगाने तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं. सर्व्हिस ॲडव्हायझर अजूनही वॉरंटीचं नाव काढून पॅड गळ्यात मारायला पाहतो, तेव्हा ही तारीख आठवायला हरकत नाही. पॅड हा झिजणारा भाग. तो तसाही वॉरंटीत धरत नाहीत.

पॅडमधल्या पदार्थाबद्दल थोडं. १८८८ साली बेर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली आणि वाटेत ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. बदली ब्रेक लायनिंगची पहिली खरेदी ही अशी मोचीकडे झाली. इंग्लंडात हर्बर्ट फ्रूडने उतारावर गाडीवाले ब्रेकला जुने बूट लावतात हे पाहून १८९७मध्ये फेरोडोचा धंदा सुरू केला, तीच घाटकोपरला आलेली फेरोडो. चामड्यानंतर, विसाव्या शतकाचा मोठा भाग, राज्य होतं ॲस्बेस्टॉसचं: उष्णता सोसणारं, स्वस्त, आणि फुप्फुसाला घातक. युरोपीय संघाने २००५पासून त्यावर बंदी आणली. अमेरिकेने क्रिसोटाइल ॲस्बेस्टॉसवर, बदली ब्रेकसकट, बंदीचा नियम काढायला मार्च २०२४ उजाडलं. भारतात ॲस्बेस्टॉसच्या वापरावर अजून सरसकट बंदी नाही. नावाजलेल्या कंपन्यांच्या खोक्यांवर आता 'ॲस्बेस्टॉस-फ्री' छापलेलं असतं. पांढऱ्या पिशवीवर काहीच छापलेलं नसतं, तेव्हा आत काय आहे ते पिशवीवाल्यालाही ठाऊक नसावं.

याचा धोका गाडीवाल्यापेक्षा गॅरेजातल्या पोऱ्याला. मागचं चाक काढून ड्रम उघडला की आत काळी-राखाडी भुकटी साचलेली असते. ती साफ करायची रूढ पद्धत म्हणजे कंप्रेसरचा पाइप धरायचा आणि फुर्रकन उडवायची. ढग उठतो, पोऱ्या तोंड फिरवतो, झालं. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं जपायला सांगितल्या. रस्त्याकडेच्या गॅरेजातला हा मुलगा कुठल्याच नोंदीत नसतो. ब्रेक क्लीनरचा फवारा किंवा ओलं फडकं वापर एवढं आपण म्हणू शकतो, आणि म्हणावं.

आजचे बहुतेक पॅड सेंद्रिय किंवा अर्धधातू मिश्रणाचे असतात. वरच्या भावात 'सिरॅमिक' मिळतात. जपानी-कोरियन गाड्यांच्या कंपन्या मऊ, शांत मिश्रणाकडे झुकतात, युरोपीय कंपन्या धातू जास्त घालतात. जर्मन गाडीची पुढची अलॉय व्हील आठवड्यात काळी का पडतात त्याचं कारण हे. रोजच्या वापराला मूळ पॅड ज्या जातीचा होता त्याच जातीचा घ्यावा. 'सिरॅमिक' शब्दाला भुलून दुप्पट पैसे मोजायची गरज शहरातल्या छोट्या गाडीला क्वचितच असते.

पॅडची एवढी चर्चा होते आणि ज्याची व्हायला हवी ते ब्रेक ऑइल कोपऱ्यात पडून राहतं. तेल नव्हेच ते, पण सगळे ऑइलच म्हणतात, आपणही म्हणू. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटरवर आहे. आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला येईपर्यंत गाडी जवळजवळ १,२०० मीटर खाली आलेली असते. माणसं-सामानासकट १,४०० किलोच्या गाडीचा हिशोब केला तर या उतरण्यात सुमारे १६ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. पन्नास लिटर गार पाणी उकळीला येईल एवढी. काही भाग इंजिन ब्रेकिंगने आणि हवेच्या विरोधाने जातो, उरलेली उष्णता ब्रेकने झेलायची, त्यातही निम्म्याहून बरीच जास्त पुढच्या दोन चाकांनी. गिअर न पाडता सबंध घाट ब्रेकवर उतरणारे महाभाग ही सगळी उष्णता डिस्क, पॅड, कॅलिपर करत ऑइलपर्यंत पोचवतात. आणि ऑइल उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल पायाखाली मऊ पडून थेट फरशीला टेकतं.

ऑइल किती अंशांना उकळतं ते डब्यावरच्या डॉट या आकड्यावरून कळतं. नवं डॉट ३ निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत तग धरतं, डॉट ४ २३० अंशांपर्यंत. पण हे द्रव हवेतलं पाणी शोषतं. पुरेसं पाणी मुरलं की किमान मर्यादा डॉट ३ला १४० आणि डॉट ४ला १५५ अंश उरते. म्हणून बहुतेक कंपन्या दोन-तीन वर्षांत ऑइल बदला म्हणतात. आपल्याकडे चार-चार महिने पावसाळ्याची ओली हवा, आणि गाडी सात वर्षांची झाली तरी ऑइल मूळचंच. डबा घेताना तो सीलबंद आहे, तारीख ताजी आहे आणि गाडीच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच डॉट आहे, हे पाहायचं. गॅरेजात अर्धा वापरून झाकण सैल ठेवलेला डबा कितीही चांगल्या कंपनीचा असो, नको म्हणायचं. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं द्रव आहे, डॉट ५.१ वेगळं, आकडे शेजारचे म्हणून एकमेकांत ओतायचे नाहीत. आणि कुणी हुशारीने त्यात इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल टाकलं, तर ब्रेकमधली रबरं फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत सगळं उघडावं लागतं.

टाकीतली पातळी खाली गेली की पंपावरचा मुलगासुद्धा टॉप-अप सुचवतो. थांबा. गळती नसेल तर पातळी उतरण्याचं साधं कारण असतं: पॅड झिजलेत, पिस्टन पुढे सरकलेत, मागे जागा ऑइलने भरली आहे. तेव्हा आधी पॅड पाहायचे. टॉप-अप केलं आणि महिन्याभराने नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले, की जास्तीचं ऑइल टाकीतून उतू जाऊन बॉनेटखालचा रंग उडवतं.

डिस्कचं प्रकरण लेथवर अडतं. डिस्कवर चरे पडले किंवा ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं की मेकॅनिक म्हणतो, "फेसिंग मारून आणतो." लेथवर वरचा थर घासून डिस्क सपाट होते, काम स्वस्तात सुटतं. चूक नाही, पण डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा ओतलेला किंवा कोरलेला असतो. नवी २२ मिलिमीटरची असेल तर खालची मर्यादा साधारण २०च्या आसपास. व्हर्निअरने मोजताना एक काळजी: कडेला न झिजलेली ओठासारखी वरंबी राहते, व्हर्निअर तिच्यावर टेकला तर जाडी जास्त दिसते. मोजायचं आतल्या, झिजलेल्या पट्टीवर. मर्यादेखाली गेलेली डिस्क फेसिंगने सुंदर दिसते, पण धातू कमी म्हणून लवकर तापते आणि पुन्हा वाकते. डिस्क घ्यायची झाली तर जोडीने. एका बाजूला नवी आणि दुसऱ्या बाजूला जुनी, अशी गाडी ब्रेक मारताच एका अंगाला ओढते. पॅडचंही तसंच, आणि मागच्या ड्रममधल्या लायनरचंही.

ड्रमबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. व्हील सिलिंडर पाझरत असेल तर नुसते लायनर बदलून उपयोग नाही; पाझरलेलं ऑइल नवे लायनर भिजवून टाकतं. किटमध्ये रबरं येतात, पण सिलिंडर आतून गंजून खरखरीत झाला असेल तर किटचा मोह सोडून अख्खा सिलिंडर घ्यावा.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या मालाच्या बाजारात कॅलिपर, बूस्टर मिळतात. नव्या कॅलिपरचा भाव ऐकून तिकडे पाय वळणं साहजिक आहे, आणि जुना कॅलिपर चांगल्या कारागिराने नवी सील घालून दिला तर वर्षानुवर्षं चालतोही. जुने पॅड, जुने लायनर, जुने रबरी होज पाइप मात्र कुठल्याही भावात घेऊ नयेत. ऑनलाइन घेताना १७ अक्षरांचा चॅसी नंबर हाताशी ठेवायचा. एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे, कधी पुरवठादाराप्रमाणे कॅलिपर बदललेला असतो, आणि "फिट्स ऑल" हे शब्द वाचले की पुढे वाचू नये.

शेवटी काम मेकॅनिकच्या हातात येतं आणि इथे बाजाराचा खरा कारभार चालतो. बहुतेक गाडीवाले पॅड स्वतः घेतच नाहीत, मेकॅनिक आणतो. दुकानदार त्याला सूट देतो, तो आपल्याला एमआरपी लावतो. यात गैर काही नाही, त्याची मजुरी एवढी कमी असते की ही सूट म्हणजे त्याचा पगार. गैर होतं ते मजुरीत घासाघीस केल्यावर. मग तो पैसा खोक्यातून वसूल होतो. मजुरी पूर्ण द्यावी आणि खोकी बसवण्याआधी, सीलसकट, समोर उघडायला सांगावीत. खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष असणं कायद्याने बंधनकारक आहे; क्यूआर असला तर तिथेच स्कॅन करून बघावा.

पॅड किती चांगला याइतकंच तो कसा बसवला यावर ब्रेक अवलंबून असतो. कॅलिपरच्या पिना काढून साफ केल्या का? त्यांना सिलिकॉन ग्रीस लावलं की चाकाच्या बेअरिंगचं उरलेलं? पिना अडकल्या की एकच पॅड घासत राहतो, आतला संपतो, बाहेरचा नव्यासारखा, आणि मालक म्हणतो पॅड डुप्लिकेट निघाले. आवाज आला की पॅडला पॉलिश पेपर मारणं हा गल्लीतला रामबाण. दोन दिवस शांतता, मग पुन्हा चीं. नवे पॅड बसल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक टाळावा, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांत बसतात. शनिवारी पॅड बदलून रविवारी पहाटे ताम्हिणी उतरायला निघणं, हे मात्र आपल्याकडे सर्रास चालतं.

आता हा बाजार हळूहळू पॅडच्या खोक्यातून बाहेर पडतोय. एप्रिल २०१९पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे चाकाचा सेन्सर तुटला तरी ब्रेकचंच काम निघतं. इलेक्ट्रिक गाड्यांत वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते, म्हणून पॅड झिजायच्या आधी डिस्क गंजते. फोक्सवागनने आयडी ३ आणि आयडी ४ला मागे पुन्हा ड्रम बसवले ते याच विचाराने. युरो ७ नियमांत ब्रेकच्या धुळीलाही मर्यादा घातली आहे आणि नव्या मॉडेलना ती नोव्हेंबर २०२६पासून लागू होते, तेव्हा मिश्रणं पुन्हा बदलणार. आणि मधल्या भावाच्या एसयूव्हींतही आता इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक येऊ लागलाय. त्यात मागचे पॅड बदलायचे तर आधी स्कॅनर जोडून पिस्टन मागे घ्यायची आज्ञा द्यावी लागते. ती न देता क्लॅम्पने पिस्टन दाबला तर आतली मोटर जाते, आणि ती सुटी मिळत नसेल तर अख्खा कॅलिपर घ्यावा लागतो. तेव्हा अशा गाडीचे मागचे पॅड घ्यायला जाण्याआधी मेकॅनिकला फोन करून विचारावं, की त्याच्याकडच्या स्कॅनरमध्ये तुमच्या मॉडेलचा सर्व्हिस मोड आहे का.